ग्लायकोप्रोटीन आणि प्रोटिओग्लायकन: साखर किती, यापेक्षा साखळी कोणती

पेशींच्या बाहेरच्या आधारद्रव्याचा अभ्यास करताना विद्यार्थी हमखास अडखळतात ते ग्लायकोप्रोटीन आणि प्रोटिओग्लायकन या दोन नावांपाशी, कारण दोन्हींत प्रथिन आहे आणि दोन्हींत त्याला शर्करा जोडलेली आहे. साखर कमी असेल तर पहिले, जास्त असेल तर दुसरे, असे सांगून बहुतेकदा वेळ मारून नेली जाते. ही खूण मला पटत नाही. लाळेला चिकटपणा देणाऱ्या म्युसिनचे निम्म्याहून अधिक वजन शर्करेचे असते, तरीही ते ग्लायकोप्रोटीनच; उलट आधारद्रव्यातल्याच डेकोरिन या रेणूच्या प्रथिनाला एकच लांब साखळी लागलेली असूनही ते प्रोटिओग्लायकन.

पाहायची असते ती साखळीची घडण. ग्लायकोप्रोटीनमधल्या साखळ्या आखूड आणि बहुधा फांद्या फुटलेल्या असतात. आधारद्रव्यातल्या फायब्रोनेक्टिन या ग्लायकोप्रोटीनमध्ये त्या थोड्याच आहेत. एकीकडे पेशीवरच्या इंटिग्रिन या ग्राहक प्रथिनाला आणि दुसरीकडे कोलॅजन या तंतुमय प्रथिनाला धरून ठेवण्याचे मुख्य काम तिथे प्रथिनच करते.

प्रोटिओग्लायकनमध्ये मात्र दोन शर्करांची एकच जोडी पुन्हा पुन्हा येऊन लांबलचक, फांद्या नसलेली साखळी तयार होते आणि तिच्यावर सल्फेटचे ऋणभार दाटीने बसलेले असतात. मटणाच्या हाडाच्या टोकाला जो पांढरा, गुळगुळीत, चिवट थर दिसतो, त्या कूर्चेतले अ‍ॅग्रिकन हे याचे ठळक उदाहरण आहे. त्याच्या एका प्रथिनाला कॉन्ड्रॉइटिन सल्फेट या प्रकारच्या सुमारे १०० लांब साखळ्या असतात आणि त्यांतली प्रत्येक साखळी झायलोज या शर्करेमार्फत प्रथिनातल्या सेरीन या अमिनो आम्लाला जोडलेली असते. ऋणभारांमुळे सोडियमचे आयन ओढले जातात, त्यांच्यामागून पाणी येते आणि फुगू पाहणाऱ्या या गोळ्याला कोलॅजनचे तंतू आवळून धरतात. आपण उभे राहिलो की गुडघ्याच्या कूर्चेतले थोडे पाणी पिळून निघते, आडवे झालो की परत शिरते.

पण म्हणून प्रोटिओग्लायकनमधल्या प्रथिनाला दुय्यम समजू नये. संधिवातात अ‍ॅग्रिकनेज ही विकरे (एन्झाइम) शर्करेला हात लावत नाहीत. ती मधले प्रथिन कापतात, आणि त्यावर लागलेल्या धडधाकट साखळ्या तुकड्यांसकट कूर्चेतून निसटून सांध्यातल्या द्रवात वाहून जातात.