झूम (इंटरॅक्टिव्ह फलकावरील) : वर्गातील सर्जनशील उपयोग

इंटरॅक्टिव्ह व्हाइटबोर्डवर, किंवा आता त्याची जागा घेत असलेल्या टचस्क्रीन पॅनेलवर, उघडलेले पान, चित्र, नकाशा किंवा आलेख हवा तेवढा मोठा वा लहान करून दाखवण्याच्या सोयीला झूम म्हणतात. शिक्षकांच्या बोलण्यात ही दोन्ही उपकरणे सरसकट ‘स्मार्ट बोर्ड’ असतात. (करोनाकाळात घरोघरी पोहोचलेल्या त्याच नावाच्या व्हिडिओ बैठकांशी या सोयीचा संबंध नाही.) मागच्या बाकावरून वाचता यावे म्हणून अक्षर मोठे करणे हा झूमचा रोजचा वापर होय. मात्र कोणत्या क्षणी काय दिसावे आणि काय पडद्याबाहेर राहावे, हेही त्यामुळे शिक्षकाच्या हाती येते, आणि कल्पक उपयोगांचे बहुतेक प्रकार येथूनच निघतात.

कॅनडातील स्मार्ट टेक्नॉलॉजीज या कंपनीने १९९१ मध्ये पहिला स्मार्ट बोर्ड बाजारात आणला. भारतात २०१९ मध्ये केंद्र सरकारने ‘ऑपरेशन डिजिटल बोर्ड’ ही योजना सुरू केली. आजच्या पॅनेलवर दोन बोटे एकमेकांपासून दूर नेली की पान मोठे होते. ज्या जुन्या फलकांना एका वेळी एकच स्पर्श कळतो, तेथे सॉफ्टवेअरमधील अधिक-उणे चिन्हांची बटणे किंवा विंडोजमधील भिंग वापरावे लागते.

वापरण्यापूर्वी एक तांत्रिक भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. छायाचित्र ठिपक्यांचे, म्हणजे पिक्सेलचे, बनलेले असते आणि मर्यादेपलीकडे वाढवले की ‘फुटते’. उलट पेनने फलकावर काढलेली रेघ बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये गणिती वर्णनाच्या रूपात साठवलेली असल्याने कितीही मोठी केली तरी तिची कड रेखीव राहते. पाठ्यपुस्तकाच्या पीडीएफमध्ये हे दोन्ही शेजारी शेजारी पाहायला मिळते : मजकुराचे अक्षर स्वच्छ राहते आणि त्याच्या बाजूचे चित्र चौकोनांत विखुरते.

सर्वांत प्रचलित उपयोग अंशावरून पूर्णाकडे जाण्याचा आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणीच्या चित्रात केवळ हातातील कमळ पडद्यावर ठेवून तास सुरू करता येतो. मुले बोटांची ठेवण, रंगाचे उडालेले पोपडे, रेषेचा ओघ यांविषयी बोलतात आणि मग हळूहळू मनगट, खांदा, झुकलेली मान असे चित्र उलगडत जाते. भूगोलात लोणारच्या सरोवराचे उपग्रहचित्र असेच वापरता येते. आधी केवळ हिरवट पाण्याचा तुकडा दाखवायचा, मग सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या खळग्याची गोल कड, आणि शेवटी भोवतालचे गाव व शेते. यात खरे काम प्रत्येक टप्प्यावरच्या थांब्याचे असते. मुलांनी अंदाज वहीत लिहून होईपर्यंत पुढचा टप्पा उघडू नये, कारण एकदा पूर्ण चित्र दिसले की आधीचा अंदाज काय होता हे कोणालाच प्रामाणिकपणे आठवत नाही.

दडवलेल्या उत्तराची युक्ती वर्गात विशेष लोकप्रिय होते. फलकावर ‘महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कोणते?’ असा प्रश्न ठळक लिहायचा, प्रश्नचिन्हाखालचा टिंब थोडा मोठा काढायचा, तो टिंब पडदा व्यापेल इतका झूम करायचा आणि त्या काळ्या वर्तुळात पांढऱ्या पेनने ‘कळसूबाई, १,६४६ मीटर’ असे लिहून पान पुन्हा मूळ आकाराला आणायचे. दूरून पाहणाऱ्याला टिंब तो टिंबच दिसतो. उत्तरे सांगून झाली की एखाद्या विद्यार्थ्याला बोलावून त्या टिंबात ‘शिरायला’ सांगितले जाते. येथे अक्षर टंकित करण्यापेक्षा आधी झूम करून मग हाताने लिहिणे सोयीचे पडते. काही सॉफ्टवेअर फार बारीक टंक स्वीकारत नाहीत, शिवाय प्रत्येकाची झूमची कमाल मर्यादा वेगळी असल्याने घरी केलेली तयारी वर्गातील यंत्रावर एकदा पडताळून पाहावी लागते.

नकाशाप्रमाण हा घटक मात्र झूमशिवाय इतका स्पष्ट क्वचितच होतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा पडद्यावर मोठा केला की त्यावर अंकांत छापलेले प्रमाण त्या क्षणी खोटे ठरते. खाली काढलेले रेषाप्रमाण, म्हणजे किलोमीटरच्या खुणा असलेली पट्टी, मात्र नकाशाबरोबरच ताणले जात असल्याने खरे राहते. मुलाला फूटपट्टी देऊन पडद्यावरील १ किलोमीटरचा भाग मोजायला लावावे. तो २० सेंटिमीटर भरला, तर पडद्यावरचा नकाशा १:५,००० प्रमाणाचा झाला आहे. त्यापुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे : नकाशा दहापट मोठा झाला, मग त्यात नवी माहिती आली का? समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या समोच्च रेषा तेवढ्याच राहतात आणि उंचीच्या २० मीटर फरकाने काढलेल्या दोन रेषांच्या मध्ये तिसरी उगवत नाही. याउलट इस्रोच्या ‘भुवन’सारख्या संकेतस्थळावर झूम करताना दर टप्प्याला अधिक तपशिलाचे वेगळे चित्र मागवले जाते. वाढवणे आणि तपशील मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे येथे डोळ्यांना दिसते. कांद्याच्या पातीची पेशी दाखवताना सूक्ष्मदर्शकाविषयी हाच मुद्दा पुन्हा मांडता येतो.

गणितात ऑस्ट्रियाचे मार्कुस होहेनवार्टर यांनी विकसित केलेले जिओजेब्रा हे सॉफ्टवेअर उपयोगी पडते, कारण झूम करताना अक्षांवरील आकडेही बदलतात. संख्यारेषेवर √२ हा बिंदू मांडून आत जात राहिले की तो आधी १.४ व १.५, मग १.४१ व १.४२, मग १.४१४ व १.४१५ यांच्या मध्ये सापडतो आणि कोणत्याही खुणेवर नेमका बसत नाही. सुमारे पंधरा अंकांनंतर संगणकाचीच अचूकता संपते, आणि हेही मुलांना सांगितलेले बरे. बारावीच्या वर्गात y = x² या वक्राच्या (१, १) या बिंदूपाशी झूम केल्यास वक्र २ चढाच्या सरळ रेषेसारखा दिसू लागतो, तर y = |x| याचा शून्यापाशी असलेला कोपरा कितीही जवळ गेले तरी कोपराच राहतो. विकलनीयतेची, म्हणजे बिंदूपाशी वक्राला एकच निश्चित चढ असण्याची, व्याख्या फळ्यावर लिहिण्यापूर्वी ही दोन चित्रे दाखवल्यास तिचे शब्द कोरडे वाटत नाहीत.

मराठीच्या तासाला झूमचे एक खास काम आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, किंवा ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’, यांतील रफार व अर्धा र यांचा फरक पुस्तकी आकारात सहज निसटतो. तेवढेच जोडाक्षर पडदाभर केले की समुद्र आणि डोंगरांमधील खोल भाग, गुरू आणि स्वयंपाकी, यांना वेगळे करणारे चिन्ह नेमके कोठे बसते हे बोटाने गिरवता येते. मोडी कागदपत्रांच्या छायाचित्रांत आधी ओळभर ओढलेली शिरोरेघ आणि तिला खालून लटकलेली, हात न उचलता लिहिलेली अक्षरे अशाच रीतीने सुटी करून पाहता येतात.

मर्यादाही आहेत. झपाट्याने आत-बाहेर केल्यास काहींना गरगरते, आणि फार आत गेल्यावर आपण पानाच्या कोणत्या भागात आहोत हे हरवते. अल्पदृष्टी असलेल्या विद्यार्थ्याला मोठ्या अक्षराचा लाभ होतो, पण संदर्भ हरवण्याचा त्रासही त्यालाच अधिक होतो. म्हणून कोपऱ्यात पूर्ण पानाचे छोटे चित्र ठेवणे श्रेयस्कर. झूमची तुलना खऱ्या भिंगाशीही करता येते. ७५ इंची पॅनेल सुमारे १६६ सेंटिमीटर रुंद असते आणि फोर-के प्रकारात त्या रुंदीत ३,८४० पिक्सेल बसतात, म्हणजे एक पिक्सेल अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतो. पांढऱ्या भागावर झूम केले तर पांढरेच दिसते. त्याच जागी चांगले भिंग धरले तर लाल, हिरव्या आणि निळ्या पट्ट्या दिसतात.