जनरेटमधला ‘र’ कुठून आला?

आमच्या सोसायटीच्या जनरेटरवर ‘जनित्र’ अशी पाटी आहे. मागच्या आठवड्यात वीज गेली, ते तासभर धडधडत होतं, आणि तेवढ्यात एका काकांनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शोध टाकला: इंग्रजीतलं ‘जनरेट’ म्हणजे आपलंच ‘जन’ अधिक ‘रेत’. खाली हात जोडलेल्यांची रांग.

काकांचा निम्मा नेम लागलाय. ‘जन’ तिथे खरंच आहे, पण ते कोणी आपल्याकडून पळवून नेलेलं नाही. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका मुळातून निघाल्या असाव्यात आणि ते मूळ कदाचित आता उरलंही नसेल, असं विल्यम जोन्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशाने १७८६ साली कलकत्त्यात मांडलं. त्या मूळ भाषेत ‘जन्म देणे’ अशा अर्थाचा एक धातू होता. आपल्याकडे त्याचे जन्म, जननी, प्रजा, जात झाले. जर्मन शाखेत ‘ग’चा ‘क’ झाला, म्हणून किंडरगार्टनमधलं ‘किंड’, म्हणजे मूल. (‘जनावर’ मात्र या घरातलं नव्हे. ते फारसी ‘जान’चं, प्राणाचं.)

आता माझा लाडका ‘र’. लॅटिनमध्ये कुळाला, वंशाला ‘गेनुस’ म्हणत. ‘कुळाचा’ म्हणायचं तर ‘गेनेरिस’. स जाऊन र आला. शेजारी संस्कृत ठेवा: जनस्, षष्ठी ‘जनसः’. ग्रीकमध्ये गेनोस, ‘गेनेओस’. जिथे आपण स जपला, तिथे ग्रीकांनी तो गिळून टाकला आणि रोमनांनी त्याचा र केला.

का, ते घशाला विचारा. गळ्यावर बोट ठेवून ‘सssss’ म्हणा. काही जाणवणार नाही, कारण स्वरतंतू गप्प असतात. आता ‘झाड’मधला झ लांबवा. बोटाखाली गुणगुण लागेल. जिभेची जागा जवळपास तीच, फरक कंपनाचा. स्वर तर सगळे कंपनाचेच. दोन स्वरांच्या मधे स सापडला की तेवढ्या क्षणासाठी कंपन थांबवून पुन्हा सुरू करावं लागतं. रोमनांनी थांबवणंच सोडून दिलं. स चा झ झाला, मग जीभ आणखी सैलावली, घर्षणाऐवजी नुसती टिचकी उरली, आणि ती टिचकी म्हणजे र. ‘गेनुस’चा स शब्दाच्या टोकाला आहे, पुढे स्वर नाही, म्हणून तो वाचला. ‘फ्लोस’ म्हणजे फूल, ‘फुलाचा’ म्हणताना ‘फ्लोरिस’, आणि त्यातूनच फ्लोरा.

हे इसवीसनपूर्व चौथ्या शतकाच्या सुमारास घडलं. रोममधलं पापिरिउस घराणं पूर्वी पापिसिउस म्हणवून घ्यायचं, असं सिसेरो या रोमन वक्त्याने एका पत्रात लिहून ठेवलंय. आडनावच बदललं म्हणजे कमाल आहे!

ही खोड आपल्यालाही आहे. दुस् + आचार = दुराचार, निस् + आशा = निराशा. शाळेत आपण हे विसर्गसंधी म्हणून घोकलं. पण आपला नियम शब्दांच्या सांध्यावर चालतो, आणि स च्या आधी अ-आ नसेल तरच. रोमनांचा नियम थेट शब्दाच्या पोटात शिरला.

उरला ‘ट’. लॅटिन ‘गेनेरातुस’ म्हणजे ‘उत्पन्न केलेला’. त्यातला त आणि गत, मृत, जात यांतला त सख्खे भाऊ. इंग्रजीने अशी कितीतरी लॅटिन धातुसाधितं उचलून त्यांची क्रियापदं केली, क्रिएट हे त्यातलंच. म्हणजे काकांच्या ‘रेत’मधला र एका प्रत्ययाचा आणि त दुसऱ्याचाच. दोघांना शेजारी उभं पाहून लग्न जमवल्यासारखं झालं. ओटीपीपासून एआयपर्यंत हल्ली सगळंच ‘जनरेट’ होतं, तेव्हा असे शोध वाढणारच. एआय तर पुढचा शब्द कोणता असेल याचा अंदाज बांधत जातं. त्याला प्रसूती म्हणणं जाहिरातवाल्यांना शोभतं.

मी काकांना पाटीचा फोटो पाठवला: जन् धातू, आणि शेवटचा ‘त्र’ खनित्रातला, म्हणजे कुदळीतला, साधन दाखवणारा. लॅटिनमध्येही नांगराला ‘आरात्रुम’ म्हणत, तोच प्रत्यय.

काकांचं उत्तर लगेच आलं: “म्हणजे ‘जन’ माझा बरोबर होता ना?”

होता.