कच्च्या भाज्या म्हणजे ग्लूटेनमुक्त?

‘पार्टीत न शिजवता मांडलेल्या भाज्यांत ग्लूटेन नसतंच,’ असं वर्षानुवर्षं फिरतंय. अर्धं खरं आहे. काकडी, गाजर, ढोबळी मिरचीत ग्लूटेन नसतं; ते गहू, जव, राय या धान्यांतलं एक प्रथिन आहे. पण सोबतच्या डिपचं काय? नेहमीचा सोया सॉस बहुधा गहू घालून बनतो, माल्ट व्हिनेगर जवापासून. म्हणून बाटलीवरची घटकांची यादी वाचा. ‘ग्लूटेनमुक्त’ लिहिलं असेल, तर अनेक देशांत ग्लूटेनची मर्यादा किलोमागे 20 मिलिग्रॅम असते. आणि सुरी? पाव कापलेल्या फळीवरच काकडी चिरली, तर चुरा चिकटतो. सिलिअॅक (ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) असलेल्या पाहुण्याला तेवढाही त्रासदायक ठरू शकतो. फळी धुऊन घ्या, त्यांचं ताट आधी वाढून वेगळं ठेवा.