नताशा ट्रेथवेच्या कवितांमागचं मिसिसिपी

अमेरिकन कवयित्री नताशा ट्रेथवेबद्दल लिहिताना लोक पुलित्झर पुरस्कार आणि पोएट लॉरिएट, म्हणजे देशाची अधिकृत राजकवी, एवढंच सांगून मोकळे होतात, पण तिच्या कविता नीट कळायच्या तर आधी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्यातलं गल्फपोर्ट माहीत पाहिजे. तिचा जन्म तिथलाच, २६ एप्रिल १९६६, आणि त्या दिवशी तिकडे कॉन्फेडरेट मेमोरियल डे होता, म्हणजे गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणेच्या सैनिकांची आठवण काढायचा दिवस. आई काळी, वडील गोरे, मूळचे कॅनडाचे आणि तेही कवी. असं लग्न तेव्हा मिसिसिपीत गुन्हा होता, म्हणून १९६५ मध्ये दोघं ओहायोला गेले, लग्न केलं आणि परत आले. सुप्रीम कोर्टाने असे कायदे मोडीत काढले ते १९६७ मध्ये, म्हणजे पोरगी वर्षाची होऊन गेली तरी सरकारदरबारी आईबापाचं लग्न बेकायदाच!

पुढे ते वेगळे झाले, आई अटलांटात राहायला गेली, तिथे दुसरं लग्न. तो नवरा मारहाण करायचा, तिने घटस्फोट घेतला तरी पिच्छा सोडला नाही आणि १९८५ मध्ये तिचा खून केला. नताशा तेव्हा १९ वर्षांची, कॉलेजात. ती कवितेकडे वळली ती या धक्क्यातून, असं तिनेच सांगितलंय.

आता तिचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक, 'नेटिव्ह गार्ड', २००६ चं, पुलित्झर २००७ ला. गल्फपोर्टसमोर समुद्रात शिप आयलंड नावाचं बेट आहे, सिव्हिल वॉरमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धात, तिथे कैदेत ठेवलेल्या कॉन्फेडरेट सैनिकांवर पहारा द्यायला उत्तरेच्या बाजूने लढणाऱ्या काळ्या सैनिकांची लुइझियाना नेटिव्ह गार्ड्स ही पलटण होती. कालचे गुलाम पहारेकरी आणि कालचे मालक कैदी, आणि वर १८६३ मध्ये स्वतःच्याच बाजूच्या बोटीने या काळ्या सैनिकांवर गोळे टाकले, कारण बोटीवरचे गोरे! तिथल्या किल्ल्याच्या दारात पाटी लागली ती कॉन्फेडरेट सैनिकांच्या नावांची, पहारेकऱ्यांची नावं नाहीतच, हे तिने कवितेत लिहिलंय. त्यातल्या मुख्य कवितामालिकेत सुटका झालेला एक गुलाम बोलतो, लिहिता-वाचता येणारा, तो अडाणी कैद्यांची पत्रं लिहून देतो. एका सॉनेटची (चौदा ओळींच्या कवितेची) शेवटची ओळ थोडी बदलून पुढच्याची पहिली होते, त्यामुळे वाचताना थांबताच येत नाही.

याच पुस्तकात आईवरच्या कविता आहेत. काहींना हे दोन विषय जबरदस्तीने एकत्र बांधल्यासारखे वाटतात, मला नाही वाटत, कारण आईच्या थडग्यावरही कित्येक वर्षं दगड नव्हता आणि ते तिला हे पुस्तक लिहितालिहिता जाणवलं.

२०१२ ते २०१४ ती अमेरिकेची पोएट लॉरिएट होती, ते ठीकच. त्यापेक्षा २०२० चं 'मेमोरियल ड्राइव्ह' महत्त्वाचं, आईच्या खुनाबद्दलचं गद्य, त्यात आईने पुराव्यासाठी रेकॉर्ड केलेले फोन कॉल्स जसेच्या तसे दिलेत. कुठून सुरुवात करायची असं कुणी विचारलं तर मी कवितांपासूनच म्हणेन, हे पुस्तक नंतर घ्या, एका बैठकीत झेपत नाही.