चेकसेकचे सगळे रकाने हिरवे, म्हणजे प्रोग्राम सुरक्षित?

जळगाव-धुळ्याकडे लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्यांत आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांत एक समज वर्षानुवर्षे फिरतो आहे: प्रोग्रामच्या फाइलमध्ये कोणती संरक्षणे आहेत ते रकान्यांत दाखवणाऱ्या ‘चेकसेक’ या साधनाने सगळे रकाने हिरवे दाखवले की प्रोग्राम सुरक्षित. हा समज चुकीचा आहे. रावेरच्या केळीबागेला कुंपण आहे एवढे पाहून आत करपा नाही, असे कोणी म्हणत नाही.

टोबियास क्लाइन यांनी मुळात स्क्रिप्ट म्हणून लिहिलेले हे साधन फाइलमध्ये संरक्षणाच्या खुणा शोधते. कोडमधल्या चुका ते तपासतच नाही. स्टॅक कॅनरीचेच पाहा, म्हणजे फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत (स्टॅकवर) पहाऱ्याला ठेवलेल्या गुप्त मूल्याचे. फंक्शन संपताना स्टॅकवरचे गुप्त मूल्य बदललेले आढळल्यास प्रोग्राम थांबवणारे एक ठरावीक फंक्शन असते, आणि त्याचे नाव फाइलच्या सिम्बॉल टेबलमध्ये, म्हणजे फाइलमधल्या नावांच्या यादीत, सापडले की चेकसेक ‘कॅनरी आहे’ असे सांगते. पण ते नाव एकाच फंक्शनमुळे आलेले असू शकते. बाकीची उघडी असली तरी रकाना हिरवाच राहतो. शिवाय २०१४ मध्ये उघड झालेली हार्टब्लीड ही त्रुटी मर्यादेपलीकडची मेमरी वाचू देणारी होती, आणि स्टॅकवरचे बेकायदा लेखन पकडणारी कॅनरी तिच्यापुढे निरुपयोगीच होती.

कर्नलबाबत, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याबाबत, अधिक जपावे लागते, कारण तिथे चेकसेक मुख्यतः कर्नल बांधतानाचे कॉन्फिगरेशन वाचते. त्यात कर्नलच्या मेमरीतल्या पत्त्यांची सरमिसळ (केएएसएलआर) चालू दिसली, तरी बूट करताना ‘नोकेएएसएलआर’ हा पर्याय दिलेला असल्यास ती प्रत्यक्षात बंद असते. म्हणून बूटचे पर्यायही प्रत्येक यंत्रावर स्वतः पाहावेत, असा माझा आग्रह आहे.