गणपती झाले, आता फ्लूची लस घ्यावी का?

गौरी-गणपती आटोपले की आमच्या औषधांच्या दुकानात, काउंटरवर हा प्रश्न हमखास येतो. "पावसाळ्यात घ्यायची राहूनच गेली हो, आता काय उपयोग?" दिवसातून चार वेळा तेच सांगण्यापेक्षा यंदा छापूनच ठेवलंय. बिलाबरोबर घरी न्या, निवांत वाचा.

उपयोग आहे. लस पावसाळा लागायच्या आधी, मे-जूनमध्ये घेतलेली उत्तम, हे खरंच. आपल्याकडे फ्लूची मोठी लाट जुलै ते सप्टेंबरात असते. पण थंडीत, जानेवारी ते मार्चच्या सुमाराला, तो पुन्हा डोकं वर काढतो. ही लाट बहुधा लहान असते, तरी दम्याच्या माणसाला तेवढीही पुरते. लस टोचल्यावर अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणजे आज घेतलेली लस थंडी पडायच्या कितीतरी आधी कामाला लागलेली असेल. यंदा मे-जूनमध्ये घेतली असेल तर मात्र आता पुन्हा नको.

खोकं आधी बघून घ्या

फ्लूचा विषाणू सारखं रूप बदलतो. म्हणून लसीत कोणते विषाणू घ्यायचे, हे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा सांगते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. खोक्यावर 'एनएच' (उत्तर गोलार्ध) किंवा 'एसएच' (दक्षिण गोलार्ध) आणि पुढे वर्ष छापलेलं असतं. या दिवसांत दोन्ही प्रकारचा माल बाजारात असू शकतो. आम्ही खोकं फोडण्याआधी तुमच्या हातात देतो. छापलेला हंगाम आणि एक्स्पायरी दोन्ही वाचा. हंगाम मागचा असेल तर घेऊ नका, मग दुकान आमचं का असेना.

"नवा माल येईपर्यंत थांबू का?" घरात पासष्टीपुढचं कुणी असेल, मधुमेह, दमा, हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल, कुणी गरोदर असेल, तर थांबू नका, चालू हंगामाची जी आहे ती घ्या. गरोदरपणात ही लस कोणत्याही महिन्यात चालते. सहा महिन्यांखालच्या बाळाला ती देता येत नाही, त्यामुळे बाळाला जे संरक्षण मिळतं ते आईकडूनच. धडधाकट माणूस आठ-पंधरा दिवस थांबला तर बिघडत नाही. फक्त "थांबतो" म्हणून गेलेलं गिऱ्हाईक बहुतेक वेळा पुढच्या गणपतीलाच परत येतं, असा आमचा अनुभव आहे.

मुलांचं कार्ड

"आमच्या बाळाला फ्लूची दिली आहे, हे बघा," म्हणून आई-बाबा कार्ड दाखवतात. त्यावर असतं 'हिब'. त्या जंतूच्या लांबलचक नावात 'इन्फ्लुएन्झा' येतं खरं, पण तो फ्लूचा विषाणू नाही, वेगळाच जिवाणू आहे. पेंटाव्हॅलंट, म्हणजे हिब जिच्यात असते ती बाळाची पाच-आजारांवरची लस, घेतली म्हणजे फ्लूची झाली असं होत नाही. आणि नऊ वर्षांखालचं मूल ही लस पहिल्यांदाच घेत असेल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. त्यांनी तर आणखी उशीर करूच नये.

स्वाइन फ्लूची वेगळी लस मागू नका. 2009 च्या ऑगस्टमध्ये पुण्यात मास्कसाठी रांगा लागल्या होत्या, तो एच1एन1 आता दरवर्षीच्या फ्लूपैकीच एक झाला आहे आणि याच लसीत त्याची सोय असते.

फ्रिज

लस 2 ते 8 अंश तापमानातच राहायला हवी. गोठली तर वाया जाते, आणि नुसत्या डोळ्यांनी ते कळेलच असं नाही. मागे एक काका सिरिंज घरी घेऊन गेले आणि काळजीपोटी रात्रभर बर्फाच्या ट्रेखाली ठेवली. सकाळी ती टाकून द्यावी लागली. आमच्याकडूनही एकदा झाडताना फ्रिजचा प्लग निघाला होता. त्या दिवशीचा सगळा साठा आम्ही फेकला. तेव्हापासून प्लगवर चिकटपट्टी आहे आणि तापमानाची वही काउंटरवर असते, हवी तर मागून बघा. लस घरी नेऊच नका. शेजारी दवाखान्यात डॉक्टर बसले असतील तेव्हाच या, इथून थेट तिथे.

लस घेतल्यावर दंड दुखतो, एखाद दिवस कणकण येते. आमच्याकडच्या टोचायच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, तिच्याने फ्लू होत नाही. तरी उशिरा घेणाऱ्यांपैकी कुणाला आठवड्याभरात फ्लू होतो, कारण तो आधीच घरात शिरलेला असतो आणि लसीला अजून वेळ मिळालेला नसतो. शिवाय ही लस शंभर टक्के ढाल नव्हे. विषाणूशी जुळणी चांगली बसली त्या वर्षी फ्लूसाठी डॉक्टरांकडे जाण्याची वेळ 40 ते 60 टक्क्यांनी कमी येते. आम्हाला तेवढंही पुष्कळ वाटतं.

अंगात ताप असेल तर तो उतरल्यावर या. नुसतं नाक वाहत असेल तर चालेल. पूर्वी एखाद्या लसीची जोरदार ॲलर्जी आली असेल, किंवा फ्लूच्या लसीनंतर हातपाय लुळे पडले असतील, तर सुई टोचायच्या आधी डॉक्टरांना सांगा. नंतर पंधरा-वीस मिनिटं दवाखान्याच्या बाकावर बसायचं आहे. येताना जुनं कार्ड आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी आणा, आणि बाही वर सरकेल असे कपडे घाला.