इंजिनाचा कान: टर्बो गाडीचं ट्यूनिंग निवडताना

टर्बो असलेल्या स्पोर्ट सेडानचं इंजिन ट्यून करून घ्यायचं म्हटलं, की पहिला प्रश्न ठरलेला: हॉर्सपॉवर किती वाढेल? सोबत एक पक्की समजूतही असते, की जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलमध्ये जास्त ताकद असते. ही समजूत चुकीची आहे, आणि ती का चुकीची हे कळलं की तो पहिला प्रश्नही मागे पडतो.

इंजिनाची शक्ती मुळात हवेवर ठरते. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते, म्हणून जास्त पेट्रोल जाळायचं तर आधी जास्त हवा आत कोंबायला हवी. धुराड्याकडे निघालेल्या गरम वायूंवर टर्बाइन फिरवायची आणि त्याच दांड्यावरच्या कॉम्प्रेसरने हवा दाबायची, हाच टर्बो; ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याची. त्याचं पेटंट १९०५ सालचं. ट्यूनर यात नवं काही घालत नाही. हवा किती दाबायची, पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी कधी टाकायची याचे तक्ते ईसीयूत, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकात, असतात. त्यांतले आकडे तो बदलतो. अशा तक्त्यांच्या संचाला मॅप म्हणतात.

मग आकडे वाढवतच का नेऊ नयेत? कारण दाबलेली हवा तापते. २५ अंश सेल्सिअसची हवा दुप्पट दाबावर नेली, तर आदर्श कॉम्प्रेसरमध्येही ती ९० अंशांपर्यंत जाते. खऱ्या कॉम्प्रेसरमध्ये १२०च्या आसपास. इंटरकूलर तिला बरीच थंड करतो, पण सिलिंडरमध्ये पिस्टन तिला पुन्हा दाबणारच असतो.

आता सिलिंडरच्या आत काय होतं ते पाहू. पिस्टन वर पोहोचण्याच्या थोडं आधी ठिणगी पडते. मिश्रण एकदम फुटत नाही. ठिणगीपासून ज्योतीची भिंत तयार होते आणि ती कडेकडे सरकत जाते. ती सरकते तसा मागे जळालेला वायू फुगतो आणि कोपऱ्यात उरलेल्या, अजून न जळलेल्या मिश्रणाला दाबत, तापवत जातो. त्या मिश्रणाला पेट घ्यायला ठिणगीची गरज नसते. पुरेशा तापमानात पुरेसा वेळ मिळाला, तर ते आपोआप पेटतं. म्हणजे ही शर्यत आहे: ज्योत आधी कोपऱ्यात पोहोचते, की कोपरा स्वतःच आधी पेट घेतो? कोपरा जिंकला, की उरलेलं मिश्रण जवळजवळ एकाच क्षणी जळतं आणि दाबाची लाट सिलिंडरच्या एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आदळत राहते. हाच नॉक. साधारण ८६ मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये ही लाट सेकंदाला सहा-साडेसहा हजार वेळा थरथरते. धातूला चिकटून असलेला वायूचा पातळ थर एरवी पिस्टनला आगीपासून वाचवतो. ही लाट तोच खरवडून काढते. मग पिस्टन वितळतो किंवा त्याच्या रिंगांमधल्या पट्ट्या तडकतात.

या शर्यतीत वेळ फार महत्त्वाचा. मिनिटाला ६००० फेऱ्यांवर एका मिलिसेकंदात क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो दांडा, ३६ अंश फिरतो; २००० फेऱ्यांवर फक्त १२. म्हणजे कमी फेऱ्यांवर कोपऱ्यातल्या मिश्रणाला तापत बसायला जास्त वेळ मिळतो. म्हणूनच, कमी फेऱ्यांपासूनच प्रचंड टॉर्क (फिरवणारा जोर) देणाऱ्या मॅपची मला सर्वात जास्त धास्ती वाटते. पाठीला बसणारा तो धक्का हवाहवासा असतो, पण इंजिनाची खरी परीक्षा तिथेच होते.

ऑक्टेन आकडा मोजतो तो या आपोआप पेटण्याला होणारा विरोध. आयसो-ऑक्टेनला १०० आणि हेप्टेनला ० धरून केलेली ही मोजपट्टी आहे. त्यात ऊर्जेचा संबंध नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, तरी त्याचा ऑक्टेन १००च्या वर जातो. मॅप निवडताना मोजपट्टीही तपासा. ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धती आहेत. अमेरिकेत पंपावर दोन्हींची सरासरी लिहितात, युरोपात त्यांतल्या एकाच पद्धतीचा आकडा, म्हणजे आरओएन. अमेरिकेतला ९३ म्हणजे साधारण ९८ आरओएन. ‘९३ ऑक्टेन’चा अमेरिकी मॅप ९५ आरओएनवर चालवणं म्हणजे इंजिनाशी खेळ.

आता माझा सर्वात लाडका भाग. इंजिनाच्या ब्लॉकवर एक पिझोइलेक्ट्रिक, म्हणजे हादरे बसले की वीज निर्माण करणारा, स्फटिक बोल्टने घट्ट बसवलेला असतो, हा नॉक सेन्सर. प्रत्येक सिलिंडर पेटल्यानंतरच्या ठरावीक क्षणांपुरतं ईसीयू त्याच्याकडे कान देतो, आणि तेही ठरावीक कंपनांसाठी. टकटक ऐकू आली, की त्या सिलिंडरची ठिणगी काही अंश उशिरा टाकतो, मग हळूहळू पूर्ववत आणतो. साब या स्वीडिश कार कंपनीने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला असाच कान वापरून टर्बोचा दाब आवरला होता. पण उशिरा ठिणगी म्हणजे कमी शक्ती आणि जास्त तापलेले निकास वायू, म्हणजे टर्बाइनला चटका. हव्यासाने लिहिलेला मॅप वर्कशॉपमध्ये गाडीसमोर मोठा पंखा लावून काढलेल्या शक्तीच्या आलेखात झळकतो आणि उन्हात दोन चढ चढताच मागे हटू लागतो.

ट्यूनर आपल्या मॅपना ‘स्टेज १’, ‘स्टेज २’ म्हणतात, पण ही नावं कुठल्याही मानकात नाहीत; प्रत्येक ट्यूनरची स्टेज वेगळी. पेट्रोलच्या नळीवर लोहचुंबक बांधणं तर निव्वळ अंधश्रद्धा आहे. त्याने पेट्रोलच्या जळण्यात काहीच फरक पडत नाही. टर्बोचा दाब मोजणाऱ्या बूस्ट सेन्सरच्या वायरमध्ये बसणारे स्वस्त डबे ईसीयूला दाब आहे त्याहून कमी सांगतात. त्यांनी शक्ती वाढते खरी, पण ज्याने इंजिन सांभाळायचं त्यालाच खोटी माहिती मिळते.

क्लच आणि गिअरबॉक्सची टॉर्कमर्यादा विचारून घ्या. मग ट्यूनरकडे आलेखाऐवजी लॉग, म्हणजे गाडी चालताना ईसीयूतून घेतलेली नोंद, मागा: उष्ण दिवशी, तुम्ही नेहमी भरता त्याच पेट्रोलवर, लागोपाठ पाच वेळा पूर्ण थ्रॉटल दिल्यानंतरचा. आत येणाऱ्या हवेचं तापमान आणि प्रत्येक सिलिंडरची ठिणगी किती अंश मागे गेली, हे दोन रकाने आधी वाचा. पाचव्या वेळीही ठिणगी जागेवर असेल, तर तो मॅप घ्या. एकच सिलिंडर दर वेळी चार-पाच अंश मागे जात असेल, तर तो मॅप परत करा.